डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाला थंड करणं: ३३ अंश, ३५ अंश, की फक्त ताप रोखायचा?

न्यूरो_सिस्टर_इंदूर

इंदूरच्या एका रुग्णालयाच्या न्यूरो आयसीयूसाठी तापमान-नियंत्रणाची लेखी कार्यपद्धती करायला घेतली आहे. रुग्ण बहुतेक दुचाकीच्या अपघातातले, जीसीएस (शुद्धीची मोजपट्टी, ३ ते १५) ८ किंवा त्याखाली, व्हेंटिलेटरवर. खरगोन, धार, भेरू घाट अशा बाजूंनी लांबचा रस्ता करून येतात. मे महिन्यात ॲम्ब्युलन्समधून उतरतानाच अंगात ३८.५ असतो, तर जानेवारीच्या रात्री एखादा ३४.५ वर पोहोचलेला असतो.

साधनं अशी: पाण्याचं एक कूलिंग ब्लँकेट, अन्ननलिकेत ठेवायचे प्रोब, फ्रीजमध्ये ४ अंशांवर ठेवलेलं सलाईन. आयसीपी (कवटीच्या आतला दाब) मोजण्याची सोय काही रुग्णांत आहे, सगळ्यांत नाही.

मत दोन बाजूंना आहे. एक म्हणणं असं, की प्रत्येक गंभीर रुग्णाला पहिले ४८ तास ३३ अंशांवर ठेवावं. दुसरं असं, की पॅरासिटामॉल आणि ओल्या फडक्याने पुसणं पुरे. मला कागदावर नेमका आकडा हवा आहे, हुडहुडी कशी रोखायची ते हवं आहे, आणि परत गरम करताना काय बिघडतं तेही. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

माळवा_भूलतज्ज्ञ

ताई, कार्यपद्धतीचं पहिलं वाक्य हेच असू द्या: खबरदारी म्हणून सरसकट कुणालाही ३३ अंशांवर न्यायचं नाही.

थंड करण्यामागचा विचार खोटा नाही. तापमान एक अंशाने उतरलं की मेंदूची प्राणवायूची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते आणि आयसीपीही खाली येतो. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये याचा फायदा दिसत होता, म्हणून माणसांवर मोठ्या चाचण्या झाल्या. २००१ मध्ये अमेरिकेत ३९२ रुग्णांत ३३ अंश, ४८ तास हेच करून पाहिलं; निकालात फरक पडला नाही. २००८ मध्ये २२५ मुलांवरच्या चाचणीत ३२.५ अंशांवर २४ तास ठेवलं, तेव्हा मृत्यू थंड केलेल्या गटात २१ टक्के आणि दुसऱ्यात १४ टक्के होते. २०१८ ची पोलार चाचणी ५११ रुग्णांची. ३३ ते ३५ अंश, किमान ७२ तास, सुरुवात अगदी लवकर, म्हणजे थंडीला मिळेल तेवढी संधी दिलेली. सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले ४८.८ टक्के, न थंड केलेल्यांत ४९.१.

सगळ्यांत नीट वाचावी ती २०१५ ची युरोथर्म. आयसीपी २० च्या वर गेलेले ३८७ रुग्ण होते, आणि एका गटाला ऑस्मोथेरपीच्या (मेंदूतलं पाणी ओढून सूज उतरवणाऱ्या औषधांच्या) आधीच ३२ ते ३५ अंशांवर नेलं. आयसीपी आटोक्यात आला, पुढच्या टोकाच्या उपायांची गरजही कमी लागली. तरी सहा महिन्यांनी चांगली स्थिती २५.७ टक्के, आणि थंड न केलेल्यांत ३६.५ टक्के. नुकसानाची शंका येताच चाचणी थांबवली. मॉनिटरवरचा आयसीपी उतरला म्हणून रुग्णाचं भलं झालं असं धरून चालू नका, हे मी कळकळीने सांगतो. न्युमोनिया, पडलेलं बीपी, वाढलेली गुंगीची औषधं, हे सगळं थंडीच्या खात्यात जमा होतं आणि ते आयसीपीच्या आलेखात दिसत नाही.

ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही अशी लवकरची, अल्पकालीन, खबरदारीची थंडी देऊ नये असंच आहे.

मग थंडी उरते कुठे? २०१९ च्या सिॲटल मतैक्यात (वाढलेला आयसीपी उतरवण्याच्या पायऱ्यांवर तज्ज्ञांचं एकमत) ती तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पायरीवर आहे, आणि तीही फक्त ३५ ते ३६ अंश. बार्बिट्युरेट कोमा (औषधाने आणलेली खोल बेशुद्धी) आणि कवटीचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया याच पायरीवर येतात. आधीचं सगळं झालेलं हवं: डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ, कॉलर सैल, गुंगी पुरेशी, ईव्हीडीतून (मेंदूच्या पोकळीत बसवलेल्या नळीतून) पाणी काढलेलं, मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक सलाईन दिलेलं, सीपीपी (मेंदूला रक्त पोचवणारा दाब) ६० ते ७०, नवा सीटी बघून शस्त्रक्रिया लागेल अशी रक्ताची गाठ नाही हे नक्की केलेलं. एवढं करूनही आयसीपी २२ च्या वर ठाण मांडून बसला, तरच.

आयसीपी मोजत नसाल तर ३६ च्या खाली जाऊच नका. कशासाठी थंड करतोय, कधी थांबायचं, गरम करताना दाब उसळतोय का, यांतलं काहीच कळणार नाही.

बाकी सगळ्यांसाठी लक्ष्य ३६.० ते ३७.५, सतत, तापाची वाट न बघता. २०२४ मधल्या युरोपीय तज्ज्ञांच्या मतैक्यातही हाच पट्टा आहे. दुसऱ्या बाजूचं ‘पॅरासिटामॉल आणि फडकं पुरे’ हेही म्हणूनच अपुरं आहे. ३९ होऊ द्यायचा, मग उतरवायचा, मग पुन्हा ३८.८, असं दिवसभर चालतं आणि जखमी मेंदू त्याची किंमत मोजतो. ३७.५ ओलांडला की उपाय सुरू, ३८ पर्यंत थांबायचं नाही, असं लिहा.

जानेवारीतल्या ३४.५ वाल्याबद्दल: आधी रक्तस्राव शोधा. पोट, छाती, कंबरेचं हाड यांतून रक्त जात असेल तर त्याला गरमच करायचं, कारण ३५ च्या खाली प्लेटलेट नीट काम करत नाहीत आणि आणखी उतरलं की रक्त गोठवणारे घटकही मंदावतात. प्रयोगशाळा नमुना ३७ अंशांवर नेऊन तपासते, त्यामुळे पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) नॉर्मल येतो आणि खाटेवर मात्र रक्त थांबत नाही. रक्तस्राव नसेल आणि रक्तदाब ठीक असेल, तर गरम हवेचं ब्लँकेट पूर्ण जोरात लावून तासाभरात ३७ करायची घाई नको. तासाला पाव अंशाने वर येऊ द्या.

रात्रपाळी_आयसीयू

सिस्टर, आकडा ठरला तरी तो मोजायचा कुठे हे आधी पक्कं करा. काखेतलं तापमान या कामाला चालत नाही, कपाळावर धरायची बंदूक तर अजिबात नाही. अन्ननलिकेच्या खालच्या तिसऱ्या भागात, हृदयाच्या मागे, प्रोब हवा. एक्स-रेमध्ये जागा बघून टेपवर खूण करा. प्रोब वर राहिला तर श्वासनलिकेतल्या हवेमुळे खोटं कमी वाचन येतं. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल किंवा तशी शंका असेल तर प्रोब आणि रायल्स ट्यूब (पोटात जाणारी नळी) दोन्ही तोंडातून, नाकातून नाही. मूत्राशयातला प्रोब चांगला, पण लघवी तासाला अगदी थोडी असेल तर तो मागे पडतो. गुदद्वारातला तर नेहमीच उशिरा सांगतो. मेंदू शरीराच्या गाभ्यापेक्षा थोडा गरमच असतो, तेव्हा ३७.४ वर निवांत बसू नका.

हुडहुडी हाताने तपासायची. मॉनिटरकडे बघून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. दर तासाला गालाखालच्या जबड्यावर, मानेवर आणि छातीच्या मोठ्या स्नायूवर तळहात ठेवा. काही नाही म्हणजे ०, फक्त मान-छाती थरथरते म्हणजे १, हात हलतात म्हणजे २, सगळं अंग कापतं म्हणजे ३. हीच बेडसाइड शिव्हरिंग मोजपट्टी. १ लाच हालचाल करा. ईसीजीच्या रेषेवर बारीक काटे दिसू लागले, किंवा काही कारण नसताना इटीसीओ२ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड) चढू लागला, तर आधी हात लावून बघा. हुडहुडीत शरीराचा प्राणवायूचा खर्च दुप्पट होऊ शकतो आणि आयसीपी चढतो. ज्यासाठी थंड करतोय तेच उलटं होतं.

औषधाआधी हात-पाय गरम ठेवा. मोजे, हातमोजे, पंजांना कापूस-बँडेजचं गुंडाळण; गरम हवेचं ब्लँकेट असेल तर हातापायांवर, ४३ अंशांच्या वर नाही. त्वचेचा थंडावा कमी जाणवला की मेंदूचा हुडहुडीचा हुकूम सौम्य होतो. धड थंड, हात-पाय उबदार, असं ठेवायचं.

बर्फाच्या पिशव्या फडक्यात गुंडाळून काखेत आणि जांघेत. मानेला लावू नका. मानेच्या शिरा दाबल्या की डोक्यातून रक्त उतरत नाही. एका जागी वीस मिनिटांपेक्षा जास्त नको. ब्लँकेटखालची त्वचा दर दोन तासांनी बघा. पाठ, टाचा, कानामागची जागा. नॉरॲड्रेनालिन (बीपी वाढवणारं औषध) चालू असलेल्या रुग्णाची त्वचा आधीच रक्ताला मुकलेली असते, तिथे डाग लवकर पडतो. स्पिरिटने पुसणं बंदच करा, ते त्वचेतून शोषलं जातं आणि पेटतंही.

तापाचं कारण शोधायचं राहून जातं, ही मोठी चूक मी सगळीकडे बघते. ब्लँकेटवर ३६.८ दिसतं म्हणून संसर्ग नाही असं नसतं. यंत्रातल्या पाण्याचं तापमान बघा आणि दर तासाला तक्त्यात लिहा. काल ते १८ होतं आणि आज तेवढ्याच रुग्णासाठी ८ झालं, तर रुग्ण आतून ताप काढतोय. कफ, रक्त, लघवी, ईव्हीडीचं पाणी, सगळीकडे नजर टाका.

न्यूरो_सिस्टर_इंदूर

फार उपयोगी. दोन शंका. आमच्याकडे हुडहुडीला ट्रामाडॉल द्यायची सवय आहे, ऑपरेशन थिएटरमधून आलेली. चालेल का? आणि थंड असताना पोटॅशियम कमी येतं तेव्हा किती भरायचं?

माळवा_भूलतज्ज्ञ

ट्रामाडॉल नको. स्पायनल भूल दिल्यानंतरच्या थरथरीला ते ठीक, पण ते झटक्यांचा उंबरा खाली आणतं, आणि डोक्याला मार लागलेला रुग्ण आधीच झटक्यांच्या काठावर असतो. पेथिडिनची अडचण तीच. थिएटरमधून आलेली ही सवय न्यूरो आयसीयूच्या दारातच थांबवा, अगदी ठळक अक्षरांत.

पायऱ्या अशा लावा. सुरुवातीपासून पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर ६ तासांनी, ५० किलोखाली १५ मिग्रॅ प्रतिकिलो. शिरेतून देताना पंधरा मिनिटांत द्या आणि बीपी बघा; ते पडतं आणि सीपीपी सोबत घेऊन जातं. सोबत हुडहुडी कमी करणारं बस्पिरोन ३० मिग्रॅ दर ८ तासांनी रायल्समधून. मॅग्नेशियमचं इन्फ्युजन तासाला अर्धा ते एक ग्रॅम, रक्तातली पातळी ३ ते ४ मिग्रॅ प्रति डेसिलिटर. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर टाळा. पुढे डेक्समेडेटोमिडिन (गुंगीचं औषध) तासाला ०.२ मायक्रोग्रॅम प्रतिकिलोपासून, किंवा फेंटानिल. थंडीने नाडी मंदावतेच, त्यात डेक्समेडेटोमिडिन आणखी मंदावतं, तेव्हा नाडी ५० च्या खाली गेली की मात्रा आणि बीपी दोन्ही बघा. त्यानंतर प्रोपोफॉल वाढवा. स्नायू शिथिल करणारं औषध सगळ्यांत शेवटी, गुंगी खोल असतानाच. त्याखाली झटके लपतात, म्हणून ईईजीची (मेंदूतल्या विद्युत लहरी दाखवणाऱ्या तपासणीची) सोय असेल तर लावा. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ‘ताप उतरतो’ म्हणून मारू नका. प्लेटलेट, मूत्रपिंड आणि बीपी तिन्हींवर ते बेतू शकतं.

थंडीत औषधं शरीरातून हळू जातात. मिडाझोलम, फेंटानिल, प्रोपोफॉल साचतात, आणि मग तिसऱ्या दिवशी ‘रुग्ण उठत नाही’ म्हणून सगळे घाबरतात.

पोटॅशियम थंडीत पेशींच्या आत शिरतं आणि लघवीतूनही जातं. परत गरम करताना ते बाहेर येतं. म्हणून ४.५ च्या मागे धावू नका. ३.० ते ३.५ च्या आसपास असेल, ईसीजी शांत असेल, तर तेवढंच राखा, आणि गरम करायला सुरुवात करण्याआधी पोटॅशियमचं इन्फ्युजन बंद. ३५-३६ ला हा खेळ लहान असतो, पण असतो. दर ६ तासांनी पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट. साखर वाढते, आणि आखडलेल्या बोटाच्या टोकाची साखर चुकते, म्हणून धमनीतलं रक्त वापरा.

एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) घेताना यंत्रात रुग्णाचं तापमान भरायचं की नाही, हे एकदाच ठरवून पक्कं करा. ३७ वर वाचलेला ४० चा कार्बन डायऑक्साइड ३३ अंशांच्या रुग्णात खरा साधारण ३४ असतो. एका पाळीने दुरुस्त वाचन घेतलं आणि दुसरीने न दुरुस्त केलेलं, तर व्हेंटिलेटर उगाच वरखाली होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या त्याबरोबर आखडतात-फुगतात.

आता परत गरम करणं. थंडीतलं सगळ्यांत धोक्याचं पाऊल हेच. आयसीपी २४ तास २२ च्या खाली शांत राहिला, की मगच. तासाला ०.१ ते जास्तीत जास्त ०.२५ अंश. ३५ वरून ३६.५ म्हणजे सहा ते पंधरा तास. एका पाळीत उरकायचं काम नाही, तसं पाळीवाटपातच मांडा. यंत्र बंद करून ‘आपोआप येईल’ असं सोडलं तर शरीर दोन-तीन तासांत उसळतं, रक्तवाहिन्या उघडतात, बीपी पडतं, आयसीपी चढतो. आयसीपी वाढला तर तिथेच थांबा, लागलं तर अर्धा अंश मागे या. नॉरॲड्रेनालिन भरून तयार ठेवा. ३६.५ होईपर्यंत गुंगी कमी करू नका. त्यानंतरही यंत्र काढू नका, ३७.५ ची कमाल मर्यादा लावून चालू ठेवा. गरम केल्यावर ताप उसळणं नेहमीचंच.

फ्रीजमधल्या सलाईनबद्दल: ७० किलोच्या माणसात ४ अंशांचं ५०० मिली दिलं तर हिशेबाने जेमतेम पाव अंश उतरतो. त्यासाठी दोन लिटर ओतून फुप्फुसात पाणी भरू नका. ताप झटकन खाली आणायचा असेल तर ५०० मिली नॉर्मल सलाईन एकदा, बस. रिंगर लॅक्टेट नको, ते मेंदूच्या सुजेला सोयीचं नाही.

यंत्रदुरुस्ती_बायोमेडिकल

यंत्राबद्दल थोडं, कारण औषधं बरोबर असूनही इथे घात होतो.

ऑटो मोडमध्ये यंत्र प्रोबवर विश्वास ठेवतं. प्रोब निसटून खाटेवर पडला तर त्याला एसी खोलीतले २५ अंश दिसतात, रुग्ण गारठला असं समजून ते गरम पाणी सोडतं. सगळी यंत्रं वेळेत अलार्म देतीलच असं नाही. म्हणून दुसरा, स्वतंत्र प्रोब मॉनिटरला जोडा. दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला की आधी हाताने तपासा.

प्रोब ४०० मालिकेचा आहे की ७०० चा (हे तापमान-प्रोबचे दोन ठरावीक प्रकार), हे यंत्राच्या सॉकेटशी जुळवून बघा. ४०० चा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा भाग) २५ अंशांवर २२५२ ओहम आणि ३७ वर साधारण १३५५ ओहम दाखवतो. शंका आली की मल्टिमीटरने मोजा, कोमट पाण्यात खात्रीच्या थर्मामीटरसोबत बुडवून. बाजारातला स्वस्त ॲडॉप्टर लावून कसंतरी जुळवलेला प्रोब एक अंश चुकला, तरी तुमचा ३६ ते ३७.५ चा सगळा पट्टा हातातून गेला.

ब्लँकेटची नळी खाटेच्या कठड्यात दबते, प्रवाह थांबतो, आणि पडद्यावर पाणी ६ अंश दिसत राहतं. रुग्ण मात्र तापतो. ब्लँकेटवर हात फिरवा, सगळीकडे सारखं गार लागलं पाहिजे. रुग्ण आणि ब्लँकेट यांच्यात एकच पातळ चादर. पाणी कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. नळाच्या पाण्याचे क्षार पंपात बसतात. मागची जाळी उन्हाळ्यात आठवड्याला साफ करा. वीज जाऊन जनरेटर लागला की बरीच यंत्रं स्टँडबायवरच उठतात, पुन्हा स्टार्ट दाबावं लागतं. हे खाटेजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

अवयवदान_समन्वय

दोन गोष्टी कार्यपद्धतीत हव्यातच. मेंदूमृत्यूच्या तपासण्या थंड शरीरावर करता येत नाहीत. आपल्या अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या फॉर्म १० मध्ये बेशुद्धीची उलटवता येणारी कारणं वगळायची आहेत, त्यात शरीर गारठणं आणि गुंगीची औषधं दोन्ही येतात. ॲप्निया टेस्टआधी (व्हेंटिलेटर थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो का ते बघण्याआधी) गाभ्याचं तापमान ३६ किंवा वर आणा, आणि थंडीत साचलेली औषधं उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. मग पहिली तपासणी, आणि सहा तासांनी दुसरी.

दुसरं, नातेवाईक. आई आत येऊन मुलाचा हात धरते, तो गार लागतो, आणि बाहेर जाऊन सांगते, ‘गेला’. आत सोडायच्या आधीच सिस्टरांनी मराठीत, हिंदीत, निमाडीत, जी भाषा असेल त्यात सांगावं: ‘ताप चढू नये म्हणून आम्ही अंग थंड ठेवलंय, हात गार लागेल, छाती चालू आहे ती बघा.’ आणि नवजात बाळाला किंवा हृदय बंद पडलेल्याला थंड करतात असं कुणी वाचून आलं, तर ते वेगळे आजार आहेत हे शांतपणे समजावा. नवजातांतही भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या २०२१ च्या हेलिक्स चाचणीत थंड केलेल्या बाळांत मृत्यू जास्त आढळले.

न्यूरो_सिस्टर_इंदूर

सगळ्यांची आभारी आहे. एकच राहिलं. ब्लँकेट एक, आणि ताप न उतरणारे रुग्ण दोन. कुणाला द्यायचं?

रात्रपाळी_आयसीयू

ज्याचा आयसीपी सीमेवर आहे आणि पहिले चार-पाच दिवस चाललेत, त्याला. दुसऱ्याला अंगावर एकच पातळ कापड, कोमट पाण्याने ओलं, आणि पंखा पायांकडून. ईव्हीडी किंवा उघड्या जखमेवर वारा नको. इंदूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी झटकन उडतं आणि बराच ताप निघतो. आयसीयूत एसी असला तरी हवा कोरडीच असते. जुलै-ऑगस्टमध्ये दमटपणामुळे हेच निम्मं काम करतं, तेव्हा काखेत-जांघेत बर्फाच्या पिशव्या आणि खोलीचा एसी २० वर. त्यानेही ३८ च्या खाली येत नसेल तर, आणि घामासोबत नाडी-बीपी झटक्याने चढत असेल तर, ते संसर्गाऐवजी सिंपथेटिक वादळ (जखमी मेंदूमुळे शरीराची ताण-यंत्रणा उसळणं) असू शकतं. तिथे बर्फ वाढवण्याआधी डॉक्टरांना प्रोप्रानोलॉल आणि मॉर्फिनबद्दल विचारा.